दोन डोस कमी

मी खुर्ची बोलतेय. बसा. माझ्यावर नको, त्या स्टुलावर. माझी धनीण येईल एवढ्यात.

अंग सागवानी, बैठक आणि पाठ अस्सल चामड्याची. साठेक वर्षांपूर्वी सुताराने मला घडवलं, तेव्हा अंगावर एक वेलबुट्टी काढली नाही. "लाकूड चांगलं आहे, दागिने कशाला?" म्हणायचा. खिळाही नाही मारला. लाकडात लाकूड बसवलं. माझे सांधे अजून कुरकुरत नाहीत. माणसांचे गुडघे बघा.

पहिला मालक डॉक्टर. ताडमाड उंच, रागीट, पण हाताला गुण होता. दवाखाना बंद करताना त्याने मला आपल्या कंपाउंडरला देऊन टाकलं. म्हणाला, "इतकी वर्षं उभा राहिलास. आता बस."

कंपाउंडर बसला नाही. घरी नेऊन त्याने बायकोला बसवलं. ती पडली बुटकी. पाय लोंबकळायला लागले.

"अहो, मी काय झोपाळ्यावर बसलेय?" ती हसली.

कंपाउंडर हसला नाही. त्याचं काम मापाचं. तेव्हा पातळ औषध बाटलीत भरून द्यायचे, आणि कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवायचे. एक खाच, एक डोस. तशाच पट्ट्या त्याने माझ्या चारी पायांना चिकटवल्या आणि करवत घेतली.

"दोन डोस," म्हणाला.

मी संतापले. पण कापलं सरळ, हे मान्य करते. जराही डगमगले नाही. बायकोने बसून टाचांसकट पाय टेकवले आणि नुसतं "हं" म्हणाली. दवाखान्यात इतकी माणसं बरी झाली, पण असं "हं" मी ऐकलं नव्हतं. राग तिथेच उतरला.

मग ती माझ्यातच बसून भाजी निवडायची, मुलाची बटणं लावायची. नवऱ्याशी भांडायचं असलं की आधी येऊन बसायची. पाय जमिनीला लागले की तिच्या आवाजाला जोर येतो.

परवा तो मुलगा, आता चांगला बाप्या झालाय, म्हणाला, "बाबा, अशा खुर्च्या लोक शोधत फिरतात. एक शौकीन गृहस्थ बघायला येतायत. तुम्हाला मऊ सोफा आणू."

कंपाउंडरची छाती फुगली. "बघ, मी म्हणत नव्हतो? येऊ दे. देऊन टाकू."

बायकोने मला पुसलं, खरवडून काढावं तसं.

शौकीन आला. मला उलटी करून बघितलं, चामड्याचा वास घेतला.

"काका, हिची जोडीदार माझ्याकडे आहे. काचेच्या खोलीत ठेवलीय. कुणाला बसू देत नाही."

मी ताठले. जिच्यावर बसायचं नाही ती कसली खुर्ची?

मग त्याने मोजायची टेप लावली आणि किंचाळला. "पाय कापलेत! हा गाढवपणा कुणी केला?"

"मी," कंपाउंडर ताठ मानेने म्हणाला. "दोन डोस."

शौकिनाने मुलाकडे बघितलं. मुलाने छताकडे.

"तुकडे आहेत का? असतील तर माझा सुतार बेमालूम जोडेल. आत्ता गाडीत घालून नेतो."

कंपाउंडर काही टाकत नाही. माझे चारी तुकडे पाहुण्याच्या पाठीमागेच होते, कपाटाच्या पायांखाली. फरशी पुसताना कपाटाला पाणी लागू नये म्हणून. त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात बायको आली आणि माझ्यात बसली. पाय टेकले.

"तुकडे? ते कधीच चुलीत गेले," ती ठणकावून म्हणाली. "हो ना हो?"

कंपाउंडरने कपाटाकडे बघितलं. मग तिच्या पायांकडे. मापाच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नाही.

"गेले," तो म्हणाला. "छान जळले."

मुलाला एकदम खोकला आला. पाहुणा हळहळत गेला. दार लागलं आणि तिघंही पोट धरून हसली.

"अहो, 'छान जळले' कशाला?"

"अर्धा डोस मी कुणाला देत नाही."

तर असं माझं चाललंय. जोडीदारणीपेक्षा बुटकी आहे, पण रिकामी नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर तिला काचेत कोंडू नका. बसा तिच्यावर. चहा सांडला तर पुसा.

ती आली बघा. आता गप्प बसा. आणि कपाटाकडे बघू नका.