अप्पांच्या चिमटीतला पोत

वडिलांची, म्हणजे अप्पांची आठवण आली की आधी ऐकू येते ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कोऱ्या मांजरपाटाची होणारी कोरडी, बारीक कुजबुज. लातूरच्या आमच्या कापडदुकानात सकाळच्या उन्हाची तिरीप ताग्यांवर उतरायची आणि अप्पा डोळे मिटून कापड चोळायचे. रंग, छापा यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

नांदेडला लॅब्रेडॉरचं पिल्लू आणायला गेलो तेव्हाही त्यांनी तेच केलं. उदगीरच्या काकांकडची लॅब्रेडॉर, थोराड डोक्याची, अंगाने भरलेली, दिवसभर उंबऱ्यात पसरून नातवंडांचे लाड सोसणारी, त्यांच्या मनात भरली होती. पिल्लं विकणारा म्हणाला, "शेट, आधी आई बघा. ही कामाच्या वाणाची हाय, पाण्यातून पक्षी आणणारी. बसून राहणारी न्हाई." ती सडपातळ आई अंगणात क्षणभर थांबत नव्हती. अप्पांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. एका पिल्लाचा कान चिमटीत चोळून ते मला म्हणाले, "पोत बघ गं. माल हाताला कळतो." मी हसले होते, याचं आज वाईट वाटतं.

तेच पिल्लू घरी आणलं, नाव ठेवलं भुऱ्या. तो वाढला तो थेट आईवर गेला. लांब पायांचा, सदा उतावीळ. नेमका त्याच वर्षी दुष्काळ पडला. गावाला पाणी आगगाडीने येऊ लागलं आणि गल्लीत टँकर आठवड्याने. टँकरचा पाइप सुटला की त्या आवाजाने भुऱ्याचं सर्वांग थरथरायचं. कधी न पाहिलेली कुठली तरी तळी त्याच्या रक्तात जागी व्हायची. एका दुपारी साखळी तोडून त्याने शेजारच्या वहिनींच्या भरल्या ड्रममध्ये उडी घेतली.

"अप्पा, लेकरायला प्यायला पाणी न्हाई, अन् तुमचं कुत्रं आंघोळ करून राहिलं!" वहिनी रडत होत्या. भुऱ्या आनंदाने निथळत होता. मध्ये उभ्या अप्पांना कोणावर रागवावं ते कळेना. आमचा ड्रम आम्ही वहिनींना दिला, पण पुढचा टँकर येणारच होता.

मुदखेडजवळ आत्याच्या शेततळ्यात थोडं पाणी टिकून होतं. भुऱ्याला तिथे ठेवलं. महिन्याने भेटायला गेलो. अप्पांनी हाक मारताच तो पोहत काठावर आला, त्यांच्या धोतरावर पाणी झटकून शेपटी हलवू लागला. अप्पांनी त्याचा ओला कान चिमटीत धरला, क्षणभरच. मग तो कान सोडवून पुन्हा पाण्यात गेला.

"माल चांगलाच व्हता गं," अप्पा म्हणाले. "पाणीच न्हवतं आपल्याकडं."

पुढे पावसाळे बरे झाले, तरी भुऱ्या तळ्यावरच राहिला. अप्पा दारात बसून रिकामी चिमूट चोळत राहायचे. आता तेही नाहीत. काळाने पाणी तेवढं परत दिलं, ते पाहून वेडं होणारं कोणी दिलं नाही. आणि काठोकाठ भरलेल्या ड्रमवर झाकण ठेवताना माझीच बोटं नकळत एकमेकांवर घासू लागतात.