वाकळेतला पटका

नाथाजीच्या घडीवर सारा गाव हसायचा. धोतर असो की रिकामं पोतं, हा गडी कोपऱ्याला कोपरा जुळवल्याशिवाय हातातून खाली ठेवायचा नाही. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, तीस वर्षांत या गुणाचं एका शब्दानं कौतुक केलं नव्हतं. "घड्या घालून कुणाचं पोट भरलंय?" एवढंच ती म्हणायची.

त्यांची लेक लीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आता तीन महिन्यांची पोर घेऊन ती इस्लामपूरला सासरी निघायची होती. नातीबरोबर द्यायला साळूबाईनं वाकळ शिवायला घेतली. वरखाली स्वतःचं मऊ लुगडं, पोटात जुनेरं. जुनेरांच्या ढिगात एक धोतर चौपदरी घडीत सापडलं. हाताला जाड, मऊ आणि बरोब्बर नातीच्या मापाचं. घडी मोडायचे कष्ट कोण घेतंय! तिनं ते तसंच आत घातलं, दाट टाके घातले आणि शेवटच्या कोपऱ्यात ज्वारीचे पाच दाणे शिवून वाकळेला घास भरवला. घास भरवलेली वाकळ पुन्हा उसवायची नाही, ही तिच्या सासूची शिकवण. उसवली तर पोराला ऊब लाभत नाही म्हणे.

निघायच्या दिवशी बैल जुंपून झाले आणि नाथाजी घरभर ओरडत फिरू लागला. "माझा नवा पटका कुठं हाय? घडी मोडू नये म्हणून जुन्या धोतरात गुंडाळून ठिवला व्हता!"

साळूबाईची नजर वाकळेकडे गेली. तिला जागच्या जागी सगळं कळलं.

पटका काही साधा नव्हता. पंचेचाळीस साल, कापडाच्या कंट्रोलचे दिवस. कराडात दिवसभर रांगेत उभा राहून नाथाजीनं तो आणला होता. त्यालाही कारण होतं. लीलाच्या लग्नात व्याही लालासाहेबांनी भर मांडवात विचारलं होतं, "पाव्हणं, पटका आज्याचा म्हणायचा का पणज्याचा?" मांडव हसला होता, आणि नाथाजीला ते अजून सलत होतं. नव्या पटक्यानं व्याह्याच्या दारात उतरायचं, एवढीच त्याची हौस होती.

"सापडंल की, चला आता," साळूबाई कसंबसं म्हणाली. नाथाजीनं धुसफुसत जुनाच पटका बांधला.

माघ महिना होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळू हुरड्यात आला होता. गाडीच्या हिसक्यांनी पोर सारखी रडत होती. दुपारी ओळखीच्या कृष्णातच्या रानात गाडी सोडली, तेव्हा त्यानं कणसं भाजून दिली. लसणाची चटणी, दही, गरम हुरडा. लीला तर लहान पोरीसारखी हात भाजून घेत खात होती. साळूबाई मात्र दाणे नुसते तळहातावर चोळत बसली. तिला नवऱ्याची दयाच आली.

"आवं, पटका गाडीतच हाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"नातीखाली. वाकळंच्या पोटात."

नाथाजीनं हातातलं कणीस खाली ठेवलं. "उसव मग!"

"घास भरवलाय. उसवू कशी?"

"आन् माझी इज्जत गेली तर चालतीया व्हय?"

तो पोरीला उचलायला तणतणत गेला. बाभळीच्या सावलीत ती वाकळेची कड मुठीत धरून गाढ झोपली होती. झोपेतच खुदकन हसली.

"सटवाई हसवतीया," लीला म्हणाली.

नाथाजीनं वाकून वाकळेची दुमडलेली कड तेवढी सरळ केली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "ऱ्हाऊ दे. पटका कसला बी आसला तरी डोस्कं त्येच हाय."

दिवस मावळता गाडी व्याह्याच्या दारात थांबली. लालासाहेब जरीकाठी पटका बांधून ओट्यावर उभेच होते. "या पाव्हणं! पटका आजून त्योच का?"

नाथाजीनं मान खाली घातली. साळूबाई व्याह्यापुढं कधी बोलत नसे, पण आज तिला राहवलं नाही. पदर सावरून ती म्हणाली, "नवा आणलाय की. पर नात त्याच्यावर निजलीया. वाकळंत शिवलाय."

लालासाहेबांनी वाकळ चाचपून पाहिली. आतल्या जाड घडीवरून हात फिरवताना त्यांचं हसू मावळलं.

"नव्वा पटका? कंट्रोलातला?" ते पुटपुटले. "आन् मी पोरीला काय दिलं? नुसती तोंडाची वाफ!"

त्यांनी आपला जरीकाठी पटका उतरवून नाथाजीच्या डोक्याला स्वतःच्या हातानं बांधला, आणि त्याचा तो विटका, विरलेला पटका आपल्या डोक्याला गुंडाळला. पटके बदलले की माणसं भाऊ होतात, हे जमलेल्यांना सांगावं लागलं नाही. तेवढ्यात नातीनं वाकळ ओली केली, आणि ओटाभर हशा पिकला.

नाथाजीही हसला. मग साळूबाईकडे सरकून त्यानं हळूच विचारलं, "आतली घडी मोडायची न्हाई न्हवं गं?"

"न्हाई मोडायची," साळूबाई म्हणाली. "तुमच्या हातची घडी हाय ती."