मूठ वेगळी, तोटी एकजीव

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे, पण माझ्यात आजवर कुणी पाणी ओतलेले नाही. ट्युनिसच्या एम्नाने मला एका खेळासाठी संगणकाच्या पडद्यावर घडवले. तिचे वडील शादली तांबट होते. हाताला कंप सुटण्याआधी त्यांनी ठोकलेली शेवटची किटली समोर ठेवून ती मला आकार देई. ती किटली खेळात कायमची राहावी, एवढीच तिची इच्छा होती.

माझे अंग म्हणजे चौकोनांची जाळी. एका आज्ञेसरशी प्रत्येक चौकोनाचे चार होत आणि मी गुळगुळीत होई. पुढे माझे बारीक उंचवटे एका चित्रात उतरवून ते थोड्याच चौकोनांच्या एका हलक्या किटलीवर चढवायचे होते. खेळात तीच दिसणार होती.

सारे अंग एकसंधच हवे, असा एम्नाचा हट्ट. तिने मूठ पोटाला चौकोनाशी चौकोन जुळवून जोडली. पण गुळगुळीत होताच सांध्यापाशी मला सुरकुत्या पडत. असे चार दिवस गेले.

तिचा वरिष्ठ गाझी म्हणाला, "किटली उन्हात विसरली होतीस का? उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर बाजारातली तयार किटली खेळात घालू."

लॅपटॉप आणि खरी किटली घेऊन ती घरी गेली. वडिलांनी चष्मा चढवून माझ्याकडे पाहिले.

"ही मूठ पोटातून उगवलीय. मी काय किटलीचं झाड लावतो?"

"बाबा, तुकडे सुटे ठेवले तर लोक हसतील."

"मूठ मी वेगळी ठोकतो आणि रिव्हेट मारून बसवतो. पन्नास वर्षांत कुणी हसलं नाही. तोटी मात्र झाळून, घासून एकजीव करतो. चार दिवसांत या किटलीला हात तरी लावलास का?"

"फोटो काढले होते."

"मग फोटोतच ओत चहा."

एम्नाने खऱ्या किटलीवरून सावकाश बोट फिरवले. मग तिने माझी मूठ सोडवली, तिची टोके पोटात जराशी खुपसली आणि रिव्हेटही सुटेच ठेवले. तोटी तेवढी जोडलेली राहू दिली. या वेळी गुळगुळीत होताना सुरकुत्या पडल्या नाहीत. सकाळी माझे चित्र हलक्या किटलीवर चढले, तेव्हा मुठीच्या कडेला बारीक सावली पडली होती, अगदी तांब्यावर पडते तशी. गाझीने पडद्यावर मूठ मोठी करून पाहिली. "तयार किटली आता नको," एवढेच तो म्हणाला.

खेळातल्या चहाच्या दुकानात आपली किटली शेगडीवर बघून शादली म्हणाले, "विस्तव जरा मोठा ठेवलाय पोरांनी."

कौतुक त्या हलक्या किटलीचे होते. मी जड, मूळची. माझी फाइल क्वचितच कुणी उघडते. तरी मी सुखात आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना हात लावून पाहा, आणि त्यांचे सांधे कसे बसवले ते घडवणाऱ्यांना विचारून ठेवा. ते सांगायला आहेत, तोवरच.