रिकामं होण्याची सवय असलेलं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं काचेचं कपाट आहे, आणि माझ्या अंगाला अजून पावाचा वास येतो. मला स्वतःला नाक नाही. हे मला नववीच्या मुलांनी सांगितलं, तेही मधल्या सुट्टीच्या जरा आधी, पोटात कावळे ओरडत असताना.

एका सुताराने मला बेकरीसाठी घडवलं. बेकरीवाले काका सकाळी सकाळी माझ्या फळ्यांवर गरम पाव आणि बिस्किटं मांडत. शाळेत निघालेली पोरं काचेला नाक लावून उभी राहत. काका काच पुसता पुसता म्हणत, माझी निम्मी गिऱ्हाइकं नाकानेच खातात. संध्याकाळी फळीवर नुसता चुरा उरला की ते माझ्या दारावर थाप मारत. "शाब्बास! आज अगदी रिकामं झालंस." दिवसभर भरलेलं राहणं ही कपाटाच्या दृष्टीने काही मोठी फुशारकी नव्हे, हे मला तिथेच कळलं.

पुढे बेकरीत दिवे लावलेलं, थंडगार नवं कपाट आलं आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. डोक्यावर डबे चढले. खालच्या फळीवर एका मांजरीने संसार थाटला. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, बाळंतीण होती बिचारी. पण काचेतून आत डोकवायला कोणी येईना, याचं मात्र वाईट वाटे.

मग एक दिवस एक बाई आपल्या लेकराला कडेवर घेऊन पिल्लं दाखवायला आल्या. लेकरू पिल्लांत रमलं आणि बाई माझ्यात. जवळच्या शाळेत त्या नववीला शिकवत. मुलं हुशार आहेत, पण गाइडाबाहेरचं अक्षर वाचत नाहीत, पुस्तकं वर्गातच हाताशी असती तर वाचली असती, असं त्या काकांना सांगत होत्या. काकांनी लगेच मला धुऊनपुसून हातगाडीवर चढवलं.

"न्या बाई. पण त्याला शोभेला उभं करू नका. त्याला कामाची सवय आहे."

मला वर्गात पाहून मुख्याध्यापक सरांच्या कपाळाला आठी पडली. ऑफिसात उत्तरपत्रिका ठेवायला कपाट नव्हतं. सहामाहीपर्यंत मुलं वाचताना दिसली तर ठीक, नाहीतर हे ऑफिसात जाईल, असं ते बजावून गेले. तेव्हापासून बाईंना सहामाहीची धास्ती मुलांपेक्षा जास्त.

मुलांनी घराघरातून पुस्तकं गोळा केली. ती मळू नयेत म्हणून सगळ्यांना खाकी कव्हर घालायचं ठरलं. काही जण कव्हर घालत होते, काही जण नावांच्या चिठ्ठ्या लिहीत होते. तेवढ्यात बाईंना ऑफिसातून बोलावणं आलं. इकडे कव्हरवाले असे सुसाट सुटले की चिठ्ठीवाले मागेच राहिले आणि कोणत्या कव्हरात कोणतं पुस्तक, ते कोणालाच कळेना. घंटा झाली, घरी पळायची घाई. हाताला जी चिठ्ठी लागली ती समोरच्या पुस्तकावर चिकटवून सगळे मोकळे! बाई परत आल्या तेव्हा पुस्तकं शिपायांसारखी ओळीने उभी. त्या खूश झाल्या.

पण खाकी रांगांकडे कोण बघणार? बाई सांगून थकल्या. माझं दार उघडायचं ते फक्त धूळ पुसायला.

एकदा खेळाचा तास रद्द झाला. वर्गातल्या एका मुलाला सगळे गोलकीपर म्हणत. तो फुरंगटून उठला आणि माझ्यातलं 'फुटबॉलचे नियम' घेऊन बसला. आत निघाली घरी न सांगता जहाजावर स्वयंपाकाची नोकरी धरणाऱ्या एका मुलीची गोष्ट. आता फुटबॉल येईल, मग येईल, असं करत त्याने ते पुस्तक घरी नेऊन संपवलं आणि बाईंसमोर आदळलं.

"बाई, ती पार सातासमुद्रापलीकडे पोचली, पण फुटबॉल काही आला नाही."

बाईंनी पुस्तक उघडलं. मग दुसरं. मग तिसरं. त्यांचा चेहरा पडला. चुकीच्या चिठ्ठ्या त्या खसाखसा ओढायला लागल्या, तशी गोलकीपरने मान खाजवली.

"चिठ्ठ्या नंतर काढा ना, बाई. आधी सांगा, ह्याचा पुढचा भाग आहे का?"

वर्ग खो खो हसला. बाईंनी हातातली चिठ्ठी होती तिथेच परत दाबून बसवली.

त्या दिवसापासून माझ्या बिजागऱ्यांना उसंत नाही. वर्गात एका मुलीला सगळे बडबडी म्हणत. तिने मुरमं घालवायला 'घरगुती उपाय' नेलं, तर आत भुताचा बंगला. कोणत्या कव्हरात काय आहे, ते वाचणाऱ्याने पुढच्याला तोंडीच सांगायचं, असा रिवाज पडला. सांगणाऱ्यांच्या गप्पा ऐकून न वाचणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. काकांच्या बेकरीतली पोरं आठवली मला.

सहामाही आली. सर शिपाईमामांना घेऊन वर्गात शिरले आणि काचेतून बघतात तर एक पुस्तक नाही.

"बाई, हे तर रिकामंच आहे. उचलू दे मग." शिपाईमामांनी मला हात घातला.

"रिकामं नाही, सर," बाई म्हणाल्या. "सगळं बाहेर गेलंय."

दप्तरांतून एकेक खाकी पुस्तक वर आलं. सरांचा विश्वास बसेना. दाखवायला काय, कोणीही दाखवेल. त्यांनी बडबडीला उभं केलं आणि तुझ्या पुस्तकात काय आहे ते सांग म्हणाले. तिला एवढंच हवं होतं. बंगल्याचा जिना चढता चढता सर कधी बाकावर टेकले, त्यांनाही कळलं नाही. ऐन दारापाशी ती थांबली.

"पुढचं नाही सांगत, सर. तुमची मजा जाईल."

"बरं, मग दे इकडे ते पुस्तक."

"नंबर लावावा लागेल, सर. तुमच्याआधी शिपाईमामा आहेत."

शिपाईमामांनी माझ्यावरचा हात हळूच काढून घेतला.

मित्रांनो, मी अजून त्याच वर्गात आहे. तुमच्याही वर्गात माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याची काच पुसा, बिजागऱ्यांना तेल घाला. पण पुस्तकं कोरी करकरीत राहिली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नका. आम्हाला जपायचं असेल, तर रिकामं करत राहा.

आणि हो, खरं 'फुटबॉलचे नियम' कोणत्या चिठ्ठीखाली आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. गोलकीपर अजून ते शोधतोय. एकेक पुस्तक घरी नेतो, शेवटपर्यंत वाचतो आणि 'ह्यातही नाही' म्हणत परत आणतो. मी कशाला सांगू?