बर्फीची ओढ

कुत्रा इमानी असतो असं ज्याने कुणी म्हटलं, त्याने सायबेरियन हस्की पाळलेला नसणार. आमची बर्फी जर्मनीतल्या आमच्या सगळ्या गेर्लिंगेन गावाची होती. पोस्टमन आला की त्याच्या अंगावर उड्या, मीटर बघणारा आला की त्याच्या मांडीवर डोकं. चोर आला असता तर तिनं त्याला कपाट दाखवलं असतं.

माझी बायको स्नेहलता म्हणायची, "अहो, तिला माझी ओढ आहे." मी म्हणायचो, "तिला नुसतीच ओढ आहे. चढावर तू तिला फिरवत नाहीस, ती तुला ओढते." यावरून आमची रोज जुंपायची. गेल्या हिवाळ्यात स्नेहलता गेली, आणि मला 'अहो' म्हणणारं कुणी उरलं नाही. मुलगी दिया रेगेन्सबर्गला असते. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. उरली बर्फी. भाजीत मीठ जास्त झालं इथपासून सगळं मी तिला सांगायचो. हस्की फारशी भुंकत नाही. मान वर करून ती लांबलचक सूर लावायची आणि मला तेवढी सोबत पुरायची.

ऑक्टोबरमध्ये तिला खार दिसली आणि तिनं मला पायऱ्यांवरून फरफटत नेलं. मनगट मोडलं. पुढच्या वेळी खुबा मोडेल, पट्टा हातात धरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि ही जात मोकळी सोडली तर धावतच सुटते. दियाने बव्हेरियाच्या जंगलात राहणारी बिर्गिट नावाची बाई शोधली. तिच्याकडे स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारे आठ हस्की होते. "पापा, दुसरा इलाज नाही," दिया जर्मनमध्ये म्हणाली. तिचं खरं होतं. पण मग मी घरात बोलायचं कुणाशी, हे मला तिला विचारता आलं नाही.

डिसेंबरात आम्ही बर्फीला घेऊन गेलो. बिर्गिटनं तिची छाती आणि दुहेरी केसांचा दाट थर चाचपला. "सायबेरियाच्या टोकाला चुक्ची लोकांनी ही जात घडवली," ती म्हणाली. "ओझं हलकं, पल्ला लांबचा, खाणं थोडकं. बायकापोरांत वाढलेली कुत्री, त्यांना माणूस परका वाटत नाही. तुम्ही काय बघून घेतलीत?"

"बायकोला हिचे निळे डोळे आवडले."

"गेनाऊ, अगदी बरोबर. सगळे डोळेच बघतात."

तिनं बर्फीला इतरांबरोबर जुंपलं. जन्मात कधी स्लेज न पाहिलेली ती पोरगी बर्फात अशी धावली की मी बघतच राहिलो. परत आली तेव्हा जीभ बाहेर, डोळे लकलकत होते. माझ्या बैठकीच्या खोलीत ती इतकी खूश कधीच दिसली नव्हती. मला बरं वाटलं आणि रागही आला.

"हिला हाका कुठल्या कळतात?" बिर्गिटनं विचारलं.

"मराठी."

"मग मला शिकवा."

मी 'चल' शिकवलं, 'थांब' शिकवलं. 'ये' शेवटी शिकवलं. बर्फी माझ्या पायाला टेकून बसली होती. बिर्गिट थोडी लांब गेली आणि म्हणाली, "येऽ, बर्फी." उच्चार वाईट नव्हता. बर्फीचे कान उभे राहिले. ती उठली आणि मागे न बघता तिच्याकडे गेली.

एकदा मीही हाक मारून बघावी असं फार वाटलं. ती आली असती तर तिला सोडून मला निघता आलं नसतं, आणि नसती आली तर ते सोसलं नसतं. मी दियाला गाडी काढायला सांगितली.