देवीचं बोट

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी भर दुपारी हजारभर माणसं एका नऊ वर्षांच्या मुलीचा हात जळताना पाहत होती आणि हात जोडत होती. दिघोरीच्या पुढचं गाव. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, बांध्यांमधून कापलेल्या धानाची पुंजणी, म्हणजे गंज्या, रचून झाली होती, आणि लोकांकडे देवाला द्यायला वेळ होता. मांडवात कापूरमहाराज उभा होता. पन्नाशीचा माणूस, दाढीला काळा रंग, गळ्यात चार जातींच्या माळा. आधी त्यानं एक जळती वडी स्वतःच्या तळहातांवर नाचवून दाखवली, मग मुलीचा उजवा हात मनगटाशी धरला, करंगळीच्या बाजूनं वर कोपराकडे गेलेल्या एका फिकट चट्ट्यावर कापराची वडी ठेवली आणि काडी ओढली.

"पाहून घ्या, मायबापहो. हे पोट्टी रडते का? नाही रडत. डोळ्यात पाणी आलं का? नाही आलं. काहून नाही आलं? हा हात तिचा नोहेच. मातेनं अथी बोट ठेवलं, बोटाचा ठसा उमटला. आता माताच कापरानं पोळली तं दुनिया कायच्या भरवशावर चालन? ज्याच्या मनात शंका असन त्यानं आपला हात समोर करावा. पोळला तं समजून जा, पाप त्याचं."

म्हणजे पोळलं नाही तर माता खरी आणि पोळलं तर भक्त खोटा. असलं दुकान कधी बुडत नाही. शिवाय मुलीच्या हातालाही फोड आला होताच, मी चार हातांवरून पाहत होतो. त्याला महाराज 'प्रसाद' म्हणाला, आणि बाया तो फोड पाहायला वाकू लागल्या.

मुलगी मात्र फुगेवाल्याकडे बघत होती. आपल्या हातावर जाळ आहे हे तिच्या गावीही नव्हतं. तिचं नाव तृप्ती. बाप इश्वर मांडवाच्या काठाशी ताठ बसला होता, आई बेबीबाई नवं लुगडं नेसून लोकांचे नमस्कार घेत होती.

माझं काम सांगतो म्हणजे मला राग का आला ते कळेल. बावीस वर्षं मी सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. शाळाशाळांतून मुलांची कातडी तपासायची, एवढंच काम. लोक मला 'डागवाले साहेब' म्हणत. हे घडलं तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा होऊन आठेक वर्षं झाली होती, रोग आटोक्यात आल्याचं कागदावर जाहीर झालं होतं आणि आमच्यातले निम्मे लोक दुसऱ्या कामाला लावले गेले होते. कागद कातडी बघत नाही. त्या मुलीचा चट्टा सुन्न होता, आणि सुन्न चट्टा म्हणजे काय हे मला झोपेतही सांगता येतं. तिची करंगळी किंचित आत वळायला लागली होती. औषध त्या महिन्यात सुरू झालं तर हात वाचणार होता. नाही झालं तर बोटं आकडणार, आणि रोज जाळलेल्या हातावर जखमा पडून ती झिजणार.

दुसऱ्या दिवशी आमची तपासणी त्याच गावच्या शाळेत होती. हर्षा मॅडम तिथल्या शिक्षिका, पवनीकडच्या, बोलायला सरळ. त्यांनीच मला एक दिवस आधी बोलावून घेतलं होतं. "सर, आधी मंडई पाहा, मग शाळा पाहा," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

शाळेत दीडशे मुलं. अर्ध्यांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज, दहा-बाराजणांना नायटा, कुणाच्या गालावर शिबं. यातलं काहीच भयंकर नव्हतं. फिकट चट्टा दिसला की मी मुलाला डोळे मिटायला सांगतो, पिसाचं टोक हळूच टेकवतो आणि म्हणतो, जिथं लागलं तिथं बोट ठेव. चांगली कातडी लगेच सांगते. सुन्न कातडी गप्प बसते.

चौथीतली रुखमिणी डोळे मिटून खुदकन हसली.

"काय झालं गं?"

"सर, महाराज बी असंच करते. मोराच्या पिसानं. सगळ्याईले डोळे मिटाले लावते नं इचारते, माता कोठी बसली सांग. आमी सांगलं. तृप्तीले सांगता नाही आलं, तं थे देवीची झाली."

माझ्या हातातलं पीस हातातच राहिलं. ही माझीच परीक्षा होती, शब्द तेवढे बदलले होते. मग ती रंगवलेली दाढी डोळ्यांपुढून काढून टाकली आणि माणूस ओळखीचा निघाला. धनीराम. बारा वर्षांपूर्वी तीन हंगाम आमच्या पथकाची पेटी उचलायला रोजीवर होता. पेटी ठेवून माझ्या खांद्यावरून बघत बसायचा. मला वाटायचं, हुशार आहे, शिकेल. शिकला.

म्हणजे तो फसलेला भोळा भगत नव्हता. त्या मुलीला काय झालंय ते त्याला माहीत होतं, औषध फुकट मिळतं हेही माहीत होतं. तरी तो तिला जाळत होता.

तृप्ती शाळेत आलीच नव्हती. मी आणि हर्षा मॅडम तिच्या घरी गेलो. बेबीबाईनं दारातच अडवलं.

"डागवाले साहेब, तुमी वापस जा. आमच्या पोट्टीले डाग नाही. देवीचं बोट होय थे."

"बेबीबाई, एकदा बघू तर द्या."

"मांगं बी आले होते तुमी लोक. माह्या नणंदेले शाळेत सगळ्याईसमोर उभी केली, नं महारोग म्हणून वहीत नाव लिवलं. लगन मोडलं तिचं. तवा कोणती देवी आली होती?"

ती खरं बोलत होती. आम्हीच पूर्वी मुलांना रांगेत उभं करून मोठ्यानं नावं वाचत असू. रोग बरा व्हायचा, नाव राहायचं. धनीराम त्याच नावाच्या जागी दुसरं नाव विकत होता. 'महारोग' ऐकून दार लावून घेणारी आई 'देवीचं बोट' ऐकून नवं लुगडं नेसते, हे त्याला ठाऊक होतं. गावाची ही चूक घडवायला आमचाही हात लागला होता. त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, दुप्पट झाला.

"इश्वरभाऊ कुठं आहेत?" हर्षा मॅडमनी विचारलं.

"वावरात. महाराज पुंजणं पुजाले आले हाय. पोट्टी बी तथीच हाय."

आम्ही बांधावरून चालत गेलो. बेबीबाई पाठोपाठ आली. पुंजण्याशी तीस-चाळीस माणसं जमली होती. रीतच पडली होती: मळणीआधी ज्याच्या त्याच्या पुंजण्यापुढं तृप्तीच्या हातावर कापूर जाळायचा आणि महाराजाला सूपभर धान द्यायचं. गावात साठ पुंजणी होती. म्हणजे त्या हातावर साठ वेळा जाळ होणार होता. महाराजानं वडी ठेवलीच होती. मी हात घालून ती झटकून टाकली.

गर्दी अंगावर आली. कुणीतरी माझी कॉलर धरली. "मातेचा अपमान करते काय बे," असं एकजण म्हणाला आणि त्याच्या हातात विळा होता.

"धनीराम," मी म्हणालो, "पेटी कुठं ठेवलीस?"

महाराजाची नजर क्षणभर हलली. मग तो आभाळाकडे बघून म्हणाला, "कोण धनीराम? तो देह गेला. आता अथी फकत माता हाय."

"बरं, मातेलाच विचारतो." मी एक वडी उचलून तळहातावर ठेवली, पेटवली आणि या तळव्यावरून त्या तळव्यावर झेलत राहिलो. विझेपर्यंत. तळहात लोकांना दाखवला. "मला कुठल्याच देवीनं बोट लावलेलं नाही. जाळ एका जागी टिकू दिला नाही की पोळत नाही. महाराज स्वतःच्या हातावर कापूर असाच नाचवतो. पोरीच्या हातावर मात्र तो ठेवून देतो. आता त्याला म्हणावं, हीच वडी याच पोरीच्या याच हातावर, चट्ट्याच्या दोन बोटं वर ठेव. चट्ट्यावर माता आहे आणि दोन बोटं वर नाही, असं कसं?"

"ठेवा नं, महाराज," गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. भक्तिभावानंच म्हणाला.

महाराज हलला नाही. "मातेची परीक्षा घेणाऱ्याचं धान कीड खाते," तो म्हणाला. म्हातारा मागे सरला. दोन माणसांनी मला धक्का दिला. खरं सांगतो, तेव्हा मी हरलो होतो. वादात असा माणूस नेहमी जिंकतो, कारण त्याला काहीच सिद्ध करायचं नसतं.

हर्षा मॅडम मात्र वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी महाराजाच्या झोळीतल्या मोरपिसांतून एक पीस ओढलं आणि इश्वरच्या हातात दिलं.

"भाऊ, आम्ही परके आहोत. महाराजही परका आहे. पोरगी तुमची आहे. तुम्हीच लावून पाहा. जाळ नको, फक्त पीस."

इश्वर आधी महाराजाकडे, मग बायकोकडे बघत राहिला. मग पुंजण्याला पाठ करून तो मुलीसमोर उकिडवा बसला.

"तृप्ती, डोळे मीट. जथी लागन तथी बोट ठेव."

त्यानं गालाला पीस लावलं. तिनं गालावर बोट ठेवलं. डाव्या हाताला लावलं. तिनं नेमकं तिथं बोट ठेवलं आणि हसली. मग त्यानं उजव्या हातावरच्या चट्ट्याला पीस टेकवलं.

ती तशीच उभी राहिली.

त्यानं पीस दाबलं. मग चट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलं. मुलगी डोळे मिटून, बोट वर धरून वाट पाहत होती.

"बाबूजी, लाव नं आता," ती म्हणाली.

इश्वरनं पीस खाली ठेवलं आणि आपल्या खरबरीत अंगठ्यानं तो फोड, त्याच्या बाजूचे आधीचे फोड, एकेक करून चाचपले. "माह्या पोरीले माहा हात समजून नाही राहिला," तो इतकंच म्हणाला आणि रडू लागला. बेबीबाई पुढं आली, तिनं पदरानं मुलीचा हात झाकला, आणि मग स्वतःच पदर बाजूला करून तो हात माझ्यापुढं केला.

मी सगळ्यांसमोर नाव वाचलं नाही. घरात नेऊन, दार लोटून तपासलं. कोपराच्या मागची नस सुतळीसारखी जाड झाली होती. सहा महिन्यांच्या गोळ्यांची पाकिटं फुकट मिळाली, नसेची सूज उतरवायच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. गोळ्या देणाऱ्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई घरी यायच्या त्या 'वहिनीला भेटायला' म्हणून. शाळेत तृप्ती आपल्याच बाकावर बसत राहिली. गोळ्या सुरू झाल्यावर रोग दुसऱ्याला लागत नाही, हे हर्षा मॅडमनी आधी पालकांना पटवलं आणि मग स्वतः तिच्याशेजारी बसून डबा खाल्ला.

धनीराम त्या दिवशी वावरातून शांतपणे चालत गेला. निम्म्या लोकांनी जाताना त्याला नमस्कार केला. तेव्हा असल्या भोंदूला पकडणारा कायदा नव्हता, आणि पोलिसांनी माझा अर्ज घेऊन ठेवून दिला. पुढच्या मंडईला तो दुसऱ्या तालुक्यात दाढी पांढरी करून बसला होता, असं ऐकलं. दाढीचा रंग बदलता येतो. तृप्तीची करंगळी सरळ झाली नाही. बाकीची बोटं वाचली, ती लिहिते, धानाच्या रोवणीला जाते, पण चहाचा कप धरताना करंगळी आत वळलेली दिसते. आम्ही दोन महिने आधी पोचलो असतो तर तीही वाचली असती.

म्हणून सांगतो. पोराच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथं त्याला स्पर्श कळत नसला तर त्याला देवाचं नाव देऊ नका आणि शिवीही देऊ नका. सरकारी दवाखान्यात न्या. आणि कुणी तुमच्या लेकराला डोळे मिटायला सांगून चमत्कार दाखवू लागला तर हात जोडू नका. त्याच्या हातातलं पीस काढून घ्या आणि स्वतः लावून पाहा.