माझी न वाजणारी पट्टी

आधीच सांगून टाकतो, मंचावर झोपल्यासारखा पसरलेला, आरशासारखा चकाकणारा तो ऐटबाज पियानो मी नव्हे. मी भिंतीला पाठ लावून उभा राहणारा साधा पियानो. माझ्या डोक्यावर आजवर फुलदाण्या कमी आणि वाइनचे पेले जास्त ठेवले गेले. तरी आज मीच बोलणार आहे, कारण माझ्या छातीवर एक पितळी पाटी ठोकली आहे आणि तिच्यावर कोरलेलं साफ खोटं आहे. खोट्याची पाटी अंगावर वागवत जगणं काय असतं, ते एखाद्या पुतळ्याच्या चौथऱ्याला विचारा.

माझा जन्म तुरिनच्या कारखान्यातला. तिथून मला फाएन्झा गावच्या एका औषधविक्यानं आणलं. मुलीला लग्नाच्या बाजारात वजन यावं म्हणून घरात पियानो ठेवायची तेव्हा चाल होती. मुलीचं नाव ओत्ताविया. तिला माझा मनस्वी तिटकारा. बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी तिनं माझं झाकण उघडलं, अक्रोड फोडायचा अडकित्ता पोटात घातला आणि मधल्या सप्तकातल्या 'ला' या सुराची, तारेवर आपटणारी हातोडी मोडून टाकली. तेव्हापासून ती पट्टी दाबली की तारेचा सूर निघत नाही, लाकडाचा नुसता 'ठक्' होतो. ओत्तावियाचं लग्न झालंच. नवऱ्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे संसार सुखाचा झाला असं ऐकलं.

मग युद्ध आलं, गेलं. औषधविक्याचं घर मोडलं आणि मी तोर्रेसाबियाच्या समुद्रकाठी येऊन पडलो. पुढे वाळूत छत्र्या आणि आरामखुर्च्यांच्या रांगा, मागे खानावळ, आणि खानावळीच्या कोपऱ्यात मी. खारा वारा, तळणीचा वास, पोरांची आइस्क्रीमनं बरबटलेली बोटं, सगळं अंगावर घेतलं. उन्हाळ्यात नाचगाण्याचे ताफे येत. वाजवणारे माझी मेलेली पट्टी अशी चुकवत, की जणू उंबऱ्यापाशी कुत्रं निजलंय. दुरुस्त करा, असं मात्र एकालाही सुचलं नाही. चालतंय ना, मग चालू दे, हा आमच्या किनाऱ्याचा धर्मच आहे.

ही जागा दिर्चेच्या बापाची. त्याच्यामागे ती दिर्चेकडे आली आणि दिर्चेबरोबर नेव्हिओकडे आली. नेव्हिओ झान्झानी म्हणजे इथला जीवरक्षक, लाल चड्डी, गळ्यात शिट्टी. मालकाच्या मुलीशी लग्न करून तो घरजावई झाला आणि कामातून उठला. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर दुसरा नव्हता. कुठल्याशा राजपुत्राला म्हणे यानं पोहायला शिकवलं. पायडल मारायची होडी म्हणे याच्याच डोक्यातून निघाली. "ह्याचं निम्मं ऐका," दिर्चे गिऱ्हाइकांना सांगायची, "आणि त्या निम्म्यातलं निम्मं ताटात ठेवून उठा."

त्या वर्षांत आमच्या देशाला गाण्यांचा ताप चढला होता. ज्याला घसा होता तो गायक झाला, ज्याला घसा नव्हता तो गीतकार, आणि ज्याला दोन्ही नव्हतं त्यानं रेकॉर्डची कंपनी काढली. चाल बांधायची रीतही मोठी मजेशीर. आधी खोट्या इंग्रजीत वाटेल ते बरळत सूर जमवायचे, मग कोणीतरी शिकलेला माणूस त्यात आपल्या भाषेचे शब्द कोंबणार. त्यातच आपली प्रीत अमर व्हायची.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. आत दिर्चे तारल्या तळत होती. नेव्हिओ माझ्यापुढे बसला, जाडजूड बोटांनी चाचपडू लागला आणि वर तोंड करून गाऊ लागला, "ओ बेबी, शुअर माय मून, यू नेव्हर बिकॉज…"

आतून आवाज आला, "अरे, कुठल्या भाषेत रडतोयस?"

"इंग्रजीत."

"तुला कधीपासून इंग्रजी येतं?"

"गाताना येतं."

"मग गातागाताच लिंबं चिरून दे. आणि चाल कुणाची उचललीस?"

"कुणाची नाही गं, माझी आहे!"

"हो का? होडीसारखी?"

चाल मात्र खरंच त्याची होती. मी शपथेवर सांगतो, कारण ती माझ्या अंगावर उमटताना मी पाहिली. ती वर चढत जायची, चढत जायची आणि ऐन शिखरावर नेमक्या माझ्या मेलेल्या पट्टीवर यायची. नेव्हिओ ती पट्टी दाबायचा. माझ्याकडून 'ठक्' यायचं, आणि तो सूर तो आपल्या गळ्यातून पुरा करायचा. पियानोला नसलेला दात त्यानं स्वतःच्या तोंडातून बसवला होता.

ऑगस्टमध्ये मिलानहून एर्मेते बाल्दुत्सी नावाचे एक मास्तर हवापालटाला आले. पांढरे बूट, बोटात अंगठी, आणि रेकॉर्ड कंपन्यांत ऊठबस. नेव्हिओनं त्यांना गाठलं. पण त्या दिवशी समुद्र खवळलेला होता आणि लोकांना पाण्यातून परत बोलावता बोलावता त्याचा घसा पार बसला होता. त्यामुळे गाणं झालंच नाही, त्यानं नुसतं वाजवून दाखवलं. ऐन शिखरावर 'ठक्' झालं. मास्तरांनी डोळे मिटले.

"वा!" ते म्हणाले. "इथे तुम्ही थांबलात. काय ही शांतता!"

नेव्हिओ घशातून घरघरला. इथे सूर आहे मास्तर, पियानो मोडका आहे, असं त्याला सांगायचं होतं. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावना पोचली, नेव्हिओ. घशाला त्रास नका देऊ." आणि त्या जागी त्यांनी कागदावर विश्रांतीची, म्हणजे न वाजवता थांबायची, खूण काढली.

राहिला नावाचा प्रश्न. तेव्हाचा कायदा असा, की रोमला जाऊन परीक्षा दिल्याशिवाय माणसाला आपल्याच गाण्याखाली संगीतकार म्हणून सही करता येत नसे. "तूर्त माझं नाव घालू," मास्तर म्हणाले. "तुम्ही परीक्षा पास झालात की तुमचं लावू. माझ्यावर विश्वास आहे ना?" विश्वास ठेवायला काही लागत नाही, म्हणून नेव्हिओनं तो ठेवला.

तो रोमला गेला. तिथे त्याच्यापुढे कागदावर लिहिलेली एक चाल ठेवली आणि तिला साथ लिहायला सांगितलं. नेव्हिओला त्या कागदावर माश्या बसल्यासारख्या दिसल्या. त्यानं खाली नीट अक्षरांत "आपला विश्वासू" लिहून सही केली आणि परत आला. गावात सांगितलं, "परीक्षक रडले हो माझं ऐकून." ही एकच थाप मला खरी वाटते.

गाणं त्या वर्षीच्या गीतमहोत्सवात आलं. 'गप्प समुद्र' असं मास्तरांनी त्याचं बारसं केलं. गायला कोण, तर फोर्लीच्या खाटकाचा मुलगा सेकोन्दो. कंपनीनं त्याचं नाव रिकी डॅलस ठेवलं होतं आणि कल्ले कानाखालपर्यंत वाढवले होते. आमच्या खानावळीत टीव्हीपुढे सगळं गाव जमलं. रिकी शिखरावर आला, छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुराच्या जागी नुसता उसासा सोडला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं रुमाल काढला. आमचा न्हावीसुद्धा हुंदका देऊन मोकळा झाला.

"माझा सूर खाल्ला!" नेव्हिओ ओरडला. "तिथे सूर आहे!"

"बस खाली," न्हावी म्हणाला. "राजपुत्र बुडतोय बघ तुझा."

त्या उसाशानं देश जिंकला. रेकॉर्डवर छापलं होतं, 'शब्द आणि संगीत: एर्मेते बाल्दुत्सी'. नेव्हिओनं मिलानला फोन लावला. पलीकडून मास्तरांनी प्रेमानं एवढंच विचारलं, "परीक्षेचं काय झालं?" आणि फोन ठेवला. वर्तमानपत्रांनी त्या शांततेवर रकानेच्या रकाने लिहिले. मास्तर मुलाखतीत सांगत, की ती चाल बांधताना त्यांना दिवंगत आईची आठवण आली आणि हात आपोआप थांबला. आई तेव्हा ठणठणीत होती. पुढे ती वारली तेव्हा मास्तरांना केवढं हायसं वाटलं असेल!

खोटं कशाला बोलू, मलाही आतून गुदगुल्या होत. ज्या शांततेवर सगळा देश माना डोलावत होता ती माझ्या मोडक्या हातोडीची होती. निम्मा संगीतकार मीच, असा तोरा मी बरीच वर्षं मिरवला. नेव्हिओच्या बाजूनं दोन शब्द बोलावेत असं मनात येई, पण पियानोला कोण विचारतो?

त्याचं मात्र वाईट झालं. आयुष्यात एकदाच खरं बोलला आणि तेच कुणाला पटेना. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गत झाली. सकाळी दाढी करताना तो ती चाल गुणगुणायचा, त्या सुरासकट. आतून दिर्चे ओरडायची, "अरे, तिथे थांबायचं! रेडिओवर नीट ऐक तरी!"

"रेडिओ चुकतोय गं."

"सगळा देश चुकतोय आणि तू तेवढा बरोबर!"

तो गाल खरवडत राहायचा. गावानं मानावं ही त्याची आशा केव्हाच सुटली होती. हिनं तेवढं मानावं, एवढीच उरली होती. मी कोपऱ्यातून रोज ऐकायचो आणि मला ते ऐकवत नसे.

वर्षं गेली. लोक विमानानं लांबलांबच्या समुद्रांवर जाऊ लागले आणि तोर्रेसाबियाच्या खुर्च्या ओस पडल्या. गावाला काहीतरी आकर्षण हवं, असं नगराध्यक्षांच्या मनानं घेतलं. त्याच सुमारास मास्तरांना एकाएकी आठवलं, की 'गप्प समुद्र' त्यांनी मिलानमध्ये नव्हे, आमच्या खानावळीत, माझ्यावरच बांधलं होतं. ठरलं. पाटी बसवायची, समारंभ करायचा, मास्तरांच्या हस्ते वादन.

बोलोन्याहून पियानो जुळवणारा आला. त्यानं माझं पोट उघडलं, नाक मुरडलं, नवी हातोडी बसवली आणि 'ला' दाबला. सूर निघाला! मी स्वतः दचकलो. एवढ्या वर्षांत आपला हा आवाज मी विसरूनच गेलो होतो.

दिर्चे झारा घेऊनच बाहेर आली. "हे काय वाजलं?"

"ला, बाई. मेलेला होता. पार जुनी मोड दिसते."

ती माझ्याजवळ आली. ओठांतल्या ओठांत तिनं ती चाल गुणगुणली, आणि शिखरावर एका बोटानं ती पट्टी दाबली. दाढी करताना नवरा गायचा, नेमकं तेच निघालं. आत तारल्या करपल्या तरी ती जागची हलली नाही. समारंभाची तयारी पाहवत नव्हती म्हणून नेव्हिओ तेव्हा लांब किनाऱ्यावर छत्र्या मिटत बसला होता. तिनं त्याला काही सांगितलं नाही.

समारंभाला सगळं गाव आलं. न्हावी, पाद्री, आता टक्कल पडलेला रिकी डॅलससुद्धा. नेव्हिओला दिर्चेनं ओढून आणलं होतं. मास्तर माझ्यापुढे बसले. वाजवता वाजवता शिखरावर आले, हात वर उचलला, आकाशाकडे पाहिलं. लोकांनी उसासा टाकला. माझ्या नव्या हातोडीला मास्तरांनी स्पर्शसुद्धा केला नाही.

टाळ्या संपायच्या आत दिर्चेचा आवाज आला, "आता आमच्या ह्यांना वाजवू द्या."

हशा पिकला. "ए नेव्हिओ, राजपुत्रालाही बोलव!" मागून कोणीतरी ओरडलं.

"नको गं," नेव्हिओ कुजबुजला. "शोभा होईल."

"बस म्हणते ना!" तिनं त्याला दंडाला धरून बसवलं.

त्यानं आपली म्हातारी बोटं पट्ट्यांवर ठेवली. चाल चढत गेली. सवयीनं त्यानं मेलेली पट्टी दाबली, आणि ती वाजली. चटका बसल्यासारखा त्यानं हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी त्या सुरावर चांगला रेंगाळला. ते गाणं पहिल्यांदाच पुरं झालं. आणि मला, उसाशाचा मान मिरवणाऱ्याला, कबूल करावं लागलं की सूर उसाशापेक्षा शतपट चांगला होता.

"चुकला!" न्हावी ओरडला. "उसासाच गिळला की!"

मास्तर उठून जवळ आले. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "इथे थांबायचं असतं, भाऊ. इथे मला आई आठवली होती."

"मास्तर," दिर्चे म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "जिथे तुम्हाला आई आठवली ना, तिथे माझ्या पियानोची हातोडी मोडलेली होती. सूर होता. वाजत नव्हता एवढंच."

मग मास्तर हसले. "बाई मोठ्या विनोदी आहेत!" सगळे हसले. नगराध्यक्षांनी टाळी वाजवून जाहीर केलं, की जेवण तयार आहे. झालं. सत्याच्या शेजारी तळलेले मासे ठेवले की आमच्या गावाचा कल कुठे असतो, हे वेगळं सांगायला नको. खुर्च्या रिकाम्या झाल्या.

नेव्हिओ तसाच बसून होता. जन्मभर बढाया मारणारा हा माणूस ती एकच पट्टी पुन्हापुन्हा दाबून पाहत होता.

"तुझं बरोबर होतं," दिर्चे म्हणाली.

"कशाचं?"

"त्या एका सुराचं. राजपुत्राचं नाही."

तो हसला आणि रडला, दोन्ही एकदमच. माझ्या पट्ट्यांवर पडलेलं पाणी तिनं कमरेच्या फडक्यानं टिपून घेतलं. खारं पाणी मला सोसत नाही, हे तिला माहीत होतं.

आता मी थकलोय. पाटी माझ्या छातीवर आहे, तिच्यावर मास्तरांचं नाव आहे. पाहुणे येतात, पाटीशेजारी उभे राहून फोटो काढतात. दुपारी नेव्हिओ येऊन ते गाणं वाजवतो. पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसतात, म्हातारा चुकतोय म्हणून हसतात. आतून दिर्चे त्याला आता थांब म्हणत नाही. ती झारा हातात धरून त्या जागी बरोबर तो सूर गाते, तिच्या भसाड्या आवाजात.

तुम्ही कधी तोर्रेसाबियाला आलात तर पाटी वाचू नका, तारल्या खा आणि माझ्याजवळ बसा. फक्त एक कृपा करा. गाणं शिखरावर पोचलं की छातीवर हात ठेवून उसासा सोडू नका. तुमच्या उसाशात तो सूर ऐकू येत नाही.